जुन्या गाडीचं पासिंग: आधी गाडीखाली बघा, मग रंगाचं

माझी काळी-पिवळी टॅक्सी बारा वर्षांची आहे. पेट्रोलवर आणि सीएनजीवर चालते, आणि घर तिच्यावर चालतं. तीन वर्षांपूर्वी मी ती पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, नेली ती अगदी नवरीसारखी सजवून. आठवडाभर आधी दरवाज्यांचे पोचे काढले, बॉनेटला रंग मारला, सीट कव्हर बदलले. ट्रॅकवर इन्स्पेक्टरसाहेबांनी ब्रेक मारायला सांगितला. मी पेडल दाबलं आणि गाडी थांबता थांबता चांगली हातभर उजवीकडे ओढली. गाडी नापास झाली.

गॅरेजला आणून पुढचं डावं चाक काढलं तेव्हा कारण दिसलं. ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढेमागे सरकतो त्यातली एक गंजून जाम झाली होती. त्यामुळे आतला ब्रेक पॅड पत्र्यापर्यंत झिजला होता आणि बाहेरचा जवळपास नवाच होता. डावं चाक अर्धाच ब्रेक धरत होतं, म्हणून गाडी उजवीकडे जायची. पिन साफ केली, ग्रीस भरलं, रबरी बूट आणि पॅड बदलले. रंगाला जेवढे पैसे गेले त्याच्या पावपटीत काम झालं. त्या दिवसापासून एक नियम केला: पासिंगचा पैसा आधी गाडीखाली जाणार, उरला तर वर. आमच्या धंद्यात बहुतेक जण याच्या उलट करतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी नियम थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५६. भाड्याने चालणाऱ्या गाडीकडे चालू फिटनेस सर्टिफिकेट नसेल तर तिची नोंदणीच वैध धरली जात नाही. म्हणजे तारीख उलटली की प्रश्न फक्त दंडाचा राहत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला कागद हाच मागते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ६२ प्रमाणे आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं पासिंग दोन वर्षांनी आणि आठ वर्षांपुढच्या गाडीचं दरवर्षी. जुन्या गाडीला वर्षातून एकदा परीक्षा द्यावीच लागते, आणि खरं सांगायचं तर ती तिला हवीही असते.

दीड महिना आधी: वही आणि उजेड

विंडस्क्रीनवरच्या फिटनेसच्या तारखेच्या दीड महिना आधी मी एक सुट्टी काढतो. भाडं मारायचं नाही. दोनशे पानी वही, टॉर्च, टायर गेज, जुना स्क्रू-ड्रायव्हर, जॅक आणि दोन स्टँड एवढं सामान लागतं. स्टँड नसतील तर गाडीखाली जाऊ नका, गॅरेजवाल्याच्या रॅम्पवर किंवा खड्ड्यावर गाडी चढवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, कितीही घाई असली तरी. जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना दोन्ही बाजूंनी विटा लावा.

दीड महिनाच का? कारण जुन्या गाडीचा पार्ट कधी दुसऱ्या दिवशी मिळतो, कधी दोन आठवडे मिळत नाही. शेवटच्या चार दिवसांत गेलात तर जो मिळेल तो बसवावा लागतो, आणि तो दोन महिन्यांत पुन्हा वाजायला लागतो.

ब्रेक

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये २५० मीटरच्या टेस्ट ट्रॅकशिवाय फिटनेस देऊ नका असं बजावलं, ते याचसाठी. ब्रेक चालवूनच तपासायचा असतो. यंत्रावर तपासणी होते तिथे तर रोलर प्रत्येक चाकाची पकड वेगळी मोजतो, आणि डाव्या-उजव्यातला फरक लगेच उघडा पडतो.

चारही चाकं काढा. पुढे डिस्क असेल तर दोन्ही पॅड बघा, फक्त बाहेरचा नाही. बाहेरचा चाकाच्या फटीतून दिसतो म्हणून सगळे तोच बघतात. माझी चूक तीच होती. आतला आणि बाहेरचा सारखे झिजलेले नसतील तर पिन जाम आहे असं धरून चाला. डिस्कवर बोट फिरवा, कडेला उंच कंगोरा लागला तर जाडी मोजून घ्या. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते.

मागे ड्रम असतात. ड्रम काढला की आधी धूळ फुंकू नका, ती फुप्फुसात जाते, ओल्या फडक्याने पुसा. मग व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या नखाने अलगद उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे, ऑइलने भिजले असतील तर पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवू नका, जोडीने बदला. एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना ठेवला तर गाडी नक्की ओढणार.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मुंबईच्या हवेत तर ओलीला तोटा नाही. ओल शिरलेलं ऑइल गरम झालं की त्यात वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. बाबुलनाथच्या सिग्नलला हे कळत नाही, माळशेज घाट उतरताना कळतं. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, नुसतं वरून भरू नका. कोणतं घालायचं ते टाकीच्या झाकणावर छापलेलं असतं.

पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरची तपासणी घरच्या घरी होते. इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. तसंच दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. नाही गेलं तर व्हॅक्यूमचा पाइप बघा, तो तडकलेला असतो.

हँडब्रेक आपण वापरतच नाही. सोसायटीच्या पार्किंगच्या चढावर गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकाजवळ वीट ठेवून मग पाय काढा. सरकली तर केबल ताणायच्या आधी लायनर बघा. केबल ताणून लायनरचा दोष झाकता येतो, पण मग चाक सतत घासत राहतं आणि अ‍ॅव्हरेज जातो.

स्टिअरिंग आणि टायर

पुढचं चाक जमिनीपासून उचला. वरून आणि खालून, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खडखड जाणवली तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. इथे खडखड असेल तर स्टिअरिंगचा टाय रॉड एंड किंवा रॅक. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. बारा-सहाची खडखड थांबली तर बेअरिंग, नाही थांबली तर जॉइंट. एवढ्या एका युक्तीने मिस्त्री 'सगळं सस्पेन्शन काढावं लागेल' म्हणाला तरी नेमकं काय करायचंय ते तुम्हाला कळतं.

लोअर आर्मचे बुश टॉर्चने बघा. रबर फाटून लोखंडापासून सुटलेलं दिसतं. आमच्या शहरातले पेव्हर ब्लॉक आणि खड्डे सगळ्यात आधी हेच खातात. यातलं काहीही बदललं तर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवीन टायर पाच हजार किलोमीटरमध्ये एका कडेने साफ होतात.

टायरच्या खाचेची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायरची झीज त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. खाच शाबूत असली तरी जुना टायर कडक होतो, पहिल्या पावसात घसरतो. स्टेपनीचीही तारीख बघा. तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

दिवे

दिव्यांमुळे नापास होणं हे मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण ते फुकट टाळता येतं. अंधार पडल्यावर सपाट जागेत भिंतीसमोर गाडी उभी करा. हेडलाइटपासून भिंत साडेसात मीटरवर. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं, आणि डॅशबोर्डवर लाइट वरखाली करायचं चाक असेल तर ते शून्यावर. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर त्याच उंचीवर खडूने आडवी रेघ मारा. डिपर (लो बीम) लावला की उजेडाची वरची कड या रेघेच्या सात-आठ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून ती कड डावीकडे थोडी वर चढलेली दिसते. उजवीकडे चढत असेल तर लाइटचा सेट चुकीचा आहे, समोरच्याच्या डोळ्यात जाणार. कड वरखाली करायचे स्क्रू लाइटच्या मागे असतात. एका वेळी अर्धा फेरा, जास्त नाही.

बल्ब ६०/५५ वॅटचा असेल तर तोच ठेवा. १००/९० घातला की होल्डर वितळतो, मी स्वतः वितळलेला होल्डर हातात धरलाय, प्लास्टिक गुळासारखं ओघळलं होतं. पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या, उजेड दुप्पट वाटतो. मागचा दिवा मंद असेल आणि बल्ब नवा असेल तर अर्थची वायर बघा. बॉडीला जिथे ती स्क्रूने लावलेली असते तिथे गंज चढतो. खरवडून, स्वच्छ करून, पुन्हा आवळली की दिवा लखलखतो. वायरमनला बोलवायची गरज नाही.

याच वेळी इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा, नंबरप्लेटचा दिवा, हॉर्न, वायपर, पाण्याचा फवारा, आरसे, सीट बेल्ट सगळं एकदा करून बघा. सुरांचा हॉर्न लावलेला असेल तर काढा. काचेला काळी फिल्म नको.

धूर आणि गॅस

पीयूसीला थंड गाडी नेऊ नका. पंधरा-वीस मिनिटं चालवून, इंजिन पूर्ण गरम करून न्या, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय काम करत नाही. बीएस-४ (भारत स्टेज-४, धुराच्या नियमांचा टप्पा) पेट्रोल गाडीला रिकाम्या फिरत्या इंजिनवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमची मर्यादा आहे, बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. मुंबई-पुण्यात बीएस-४ एप्रिल २०१० पासून आहे, त्यामुळे इथे नोंदवलेल्या बहुतेक टॅक्सी कडक मर्यादेत येतात. आकडा वर गेला तर क्रमाने बघा: एअर फिल्टर, प्लग, मग ऑक्सिजन सेन्सर. सायलेन्सरच्या जोडावर भोक असेल तर बाहेरची हवा आत जाऊन आकडे बिघडतात, म्हणून आधी तो वेल्ड करून घ्या. डिझेलवाल्यांना काळ्या धुराची काळजी: बीएस-४ ला ५० एचएसयू (धुराचा काळेपणा मोजायचं एकक), त्याआधीच्या गाड्यांना ६५. पीयूसीच्या दिवशी सकाळी हायवेवर जरा वरच्या आरपीएमला गाडी पळवली तर साचलेली काजळी निघून जाते, पण इंजेक्टर खराब असेल तर याने फार काही होत नाही.

सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्टला, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीला, जाते. तिच्यावरच्या पट्टीची तारीख आत्ताच बघा, कारण टाकी काढणं, पाठवणं, परत बसवणं यात दिवस जातात आणि तेवढे दिवस धंदा बंद. पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा, बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून बघणारे मी पाहिलेत. कृपा करून असं कधीही करू नका.

गंज

मुंबईची जुनी गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. वडिलांची पद्मिनी अशीच गेली: इंजिन ठणठणीत, पायाखालची जमीन मात्र चाळणी. (शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. वडील तोवर निवृत्त झाले होते, पण बातमी त्यांनी दोनदा वाचली.)

स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चौकटीखालचे पत्रे, जॅक लावायच्या जागा, पुढच्या शॉकअपचे वरचे माऊंट ठोकून बघा. घट्ट आवाज आला तर पत्रा चांगला. भद्द आवाज आला तर टोक टेकवून हलका दाब द्या. टोक आत गेलं तर तिथे पत्रा उरलेला नाही. अशा जागी पुट्टी भरून वर काळं कोटिंग मारून देणारे खूप आहेत. ते करू नका. कोटिंगखाली ओल अडकते आणि सहा महिन्यांत भोक मोठं होतं. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, मग गंजरोधक प्रायमर, मग कोटिंग, हाच क्रम. मॅटखालचं कार्पेट उचलायला विसरू नका. जुलैमध्ये हिंदमाताला किंवा मिलन सबवेला पाण्यातून गाडी काढली असेल तर त्या कार्पेटखाली दिवाळीपर्यंत ओल सापडते.

कागद, मीटर आणि एक छोटासा आकडा

गाडीखालचं झालं की कागद. आरसी, विमा, परमिट, कराची पावती, पीयूसी आणि जुनं फिटनेस यांच्या तारखा वहीच्या एका पानावर एकाखाली एक लिहा. पासिंगच्या दिवशी यातलं काहीही संपलेलं नको. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज आणि शुल्क भरून तारीख घ्या, आणि नोंदणीला दिलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे ना ते आधी बघा. एजंटने स्वतःचा नंबर घातलेला असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. राज्यात चारचाकीला तिचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे, त्यापेक्षा जास्त कुणी मागितले तर देऊ नका. टॅक्सीवाल्यांनो, १ फेब्रुवारी २०२५ ला किमान भाडं २८ वरून ३१ रुपये झालं, तेव्हाचं मीटर कॅलिब्रेशन आणि त्याचं सील शाबूत आहे ना ते बघा.

आता तो छोटा आकडा. इन्स्पेक्टर चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतो आणि छाप घेतो. जुन्या गाडीत या जागेवर तेल, माती आणि गंज यांचा थर असतो. आधीच घरी डिझेलच्या बोळ्याने आणि मऊ ब्रशने ती जागा साफ करा आणि स्वतः एकदा छाप घेऊन बघा, अक्षरं स्वच्छ उमटली पाहिजेत. वायर ब्रश किंवा ग्राइंडर कधीही लावू नका. एखादा आकडा पुसट झाला तर पुढचं काम महिन्यावर जाऊ शकतं. साफ झाल्यावर ग्रीसचा पातळ हात मारून ठेवा.

पासिंगच्या दिवशी

आदल्या दिवशी गाडीखाली पाण्याचा फवारा मारून धुवा. चिखल भरलेल्या गाडीखाली बघणाऱ्याला गळती आणि चिखल वेगळं कळत नाही. डिकी रिकामी करा. प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, तिकोनी रिफ्लेक्टर हाताशी ठेवा, आणि अग्निशामकाची तारीख बघा. सकाळी टायरची हवा थंड असतानाच भरा. रांगेत लवकर लागा, सोबत पाणी आणि डबा ठेवा, कारण वेळ तुमच्या हातात नसतो. ब्रेक मारायला सांगितला की स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवायचा प्रयत्न करू नका, हलक्या हाताने धरा. ओढत असेल तर ती ओढू दे. ते तुम्हालाही कळायला हवं.

नापास झालीच तर वाद घालू नका. नेमकं कशाकरता ते लेखी घ्या, वहीत उतरवा, तेवढंच दुरुस्त करून परत जा. बाहेर कुणी 'करून देतो' म्हणत येईल. ब्रेक नसलेली गाडी पास करून घेतली तर ती पहिल्यांदा आपल्याच पोरांना शाळेत सोडायला निघते.

पांढऱ्या पाटीवाल्यांसाठी थोडं: खासगी कारची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे पाच-पाच वर्षांनी पुनर्नोंदणी. त्यासाठीचा अर्ज, फॉर्म २५, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत करायचा. १ एप्रिल २०२२ पासून याचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं, आणि २० वर्षांपुढच्या कारला २०२५ पासून १०,०००. पर्यावरण कर वेगळा. तुम्हाला दरवर्षी कुणी बोलावत नाही, म्हणून वरची सुट्टी तुम्ही स्वतःहूनच काढा. गणपतीनंतर, पाऊस सरला की, ब्रेक आणि गंज एवढे दोन तरी भाग नक्की बघा.

पास होऊन घरी आलो की मी त्याच संध्याकाळी वहीचं नवं पान उघडतो. वर किलोमीटर लिहितो, खाली 'पॅड आतला किती, बाहेरचा किती', टायरची चारही मापं, आणि ज्या पार्टकडे बघून मिस्त्री 'अजून सहा महिने चालेल' म्हणाला त्याचं नाव. यंदाच्या पानावर डावा लोअर आर्म बुश लिहिलाय, आणि त्यापुढे महिना: नोव्हेंबर.